तिसऱ्या कडव्यापर्यंत ऊब

३ नोव्हेंबर

नाही जाणार! लिहूनच ठेवतो, म्हणजे उद्या मन डळमळलं तर हे पान डोळे वटारेल.

तळ्याकाठची शेवटची मंडळी आज गेली. सगळी चाकांवरची घरं अ‍ॅरिझोनाच्या उन्हाकडे. उरलो दोघंच — मी आणि हा कॅम्प राखणारा हार्लन. निळ्या गाडीतल्या बाई निघताना म्हणाल्या, "आर्व्हिड, या वयात, मिनेसोटाच्या थंडीत, पत्र्याच्या डब्यात झोपणार तुम्ही?"

पत्र्याचा डबा! माझ्या बायकोचे, अ‍ॅस्ट्रिडचे, सगळे उन्हाळे या डब्यात गेले. तिला एक हिवाळाही हवा होता. तळं गोठताना गातं म्हणतात — ते अंथरुणात पडून ऐकायचं होतं तिला. दरवर्षी "पुढच्या वर्षी" करत राहिलो. आता ती नाही. मी आहे. मी ऐकणार.

५ नोव्हेंबर

रात्री कडाक्याची थंडी. मस्त झोपलो!

लोकांना वाटतं, थंडी वरून येते. चढवतात अंगावर ढीगभर पांघरुणं. अहो, ती खालून येते, चोरासारखी! गादीखाली फोमची चटई हवी. वर अ‍ॅस्ट्रिडची गोधडी. गरम पाण्याची बाटली लोकरी मोज्यात घालून पायाशी. डोक्यावर टोपी. आणि खिडकी बोटभर उघडी — नाहीतर आपलाच श्वास पहाटे छतावरून आपल्याच नाकावर टपकतो.

आणि कविता. मिस हॅल्वर्सन यांनी शाळेत पाठ करून घेतलेली, त्या दीपगृहवाल्या म्हाताऱ्याची. दिवा मालवून मोठ्यानं म्हणायला लागतो. पहिल्या कडव्याला दात वाजतात, दुसऱ्याला पाय सापडतात, तिसऱ्यापर्यंत अंथरूण माझं! शेवटचं कडवं काही केल्या आठवत नाही. त्याआधीच झोप लागते, सत्तर वर्षं झाली तरी.

आज हार्लन म्हणतो, "कविराज, तुझ्या त्या म्हाताऱ्याला सांग जरा हळू बोलायला. माझी कुत्री रडायला लागते."

"तिला काव्य कळतं," म्हटलं. "मालकाला कळत नाही."

८ नोव्हेंबर

सूप उकळत होतं, तेवढ्यात डुलुथहून लेकीचा, कॅरिनचा फोन. नेहमीप्रमाणे गाडीतूनच — मागे हीटरची घरघर.

"गाडीतून का बोलतेस गं सारखी?"

"घरात डेलची मॅच चालू असते, बाबा. काही ऐकू येत नाही."

जावयाला मॅचचं वेड आहे खरं. सप्टेंबरात किती मागे लागली होती — तळघरातली खोली रंगवलीय, पडदे लावलेत, याच म्हणून. आता त्या खोलीचं नाव काढत नाही. डाव बदललाय! आता उलटतपासणी. "बाटली पायाशी ठेवता की पोटाशी?" "काच किती उघडी ठेवायची?" "पाय गार पडले तर काय करता?" कुठेतरी चुकेन आणि धरेल, असा बेत.

मी काय कच्चा आहे? सगळं खडान्‌खडा सांगितलं. झोपायचे मोजे वेगळे, दिवसभराचे कधी नाहीत — त्यात घामाची ओल असते. निजण्याआधी लोणी लावून बटाटा खायचा. उशीपाशी टोपी. घे!

शेवटी म्हणते, "त्या दीपगृहवाल्याचं तिसरं कडवं कसं होतं हो?"

म्हणून दाखवलं. लहानपणी वरच्या माळ्यावर, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या तिच्या बिछान्यात, हेच ऐकत झोपायची. आता तिथे माझे बटाटे असतात.

कडवं संपलं तरी फोन ठेवला नाही तिनं. नुसती घरघर.

१० नोव्हेंबर

काठाला बर्फाची किनार धरली. गाणं नाही अजून.

१२ नोव्हेंबर

फजिती! विजेची गोधडी आणली होती, तर म्हटलं घर तापवणारी गॅसची भट्टी कशाला जाळा? बंद केली. रात्रभर राजासारखा झोपलो. पण भट्टीच्या गरम हवेवरच फरशीखालचे नळ जगतात, हे डोक्यातच आलं नाही. सकाळी नळ गोठून फुटला, अर्धी फरशी बर्फ!

हार्लन दारात उभा राहून पोट धरून हसला. "वा, कविराज! स्वतः उबेत, नि घराच्या पोटात बर्फ!"

मग गुडघ्यावर बसून नळ त्यानंच बदलला. हात निळे पडले होते बिचाऱ्याचे. वाटीभर चिली, खिमा-घेवड्याचा तिखट रस्सा, खायला घातली. म्हणाला, "तिखट कमी आहे." गाढव!

१३ नोव्हेंबर

गाढवानं कॅरिनला सांगितलं! तिचा फोन — "बाबा, शनिवारी येते मी." एवढंच. आवाज बसलेला. रागानंच असणार.

येऊ दे. मी नाही जाणार म्हणजे नाही जाणार! मला तळघरात नेऊन पडद्यामागे ठेवणार, चांगल्या मनानं ठेवणार, आणि तिथे मी अगदी सुरक्षितपणे मरेन. तिथे तळं नाही.

१४ नोव्हेंबर

भाषण तयार. मुद्दे तीन. आरशासमोर म्हणून पाहिलं. तिसऱ्या मुद्द्याला आवाज कापतो — तिथे खोकायचं.

फरशी पुसली. भट्टी चालू. भांडी लखलखीत. हार्लनला सांगितलंय — तोंड उघडलंस तर कुत्रीला सबंध दीपगृह ऐकवीन.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आली. मी दारातच उभा, पहिला मुद्दा ओठांवर.

तिच्या गाडीची मागची सीट आडवी पाडलेली. त्यावर फोमची चटई. चटईवर रजई, पायाशी लोकरी मोज्यातली बाटली. उशीपाशी टोपी. एक काच बोटभर उघडी.

भाषण विसरलो.

"कधीपासून झोपतेस इथे?"

"ऑक्टोबर." मग म्हणाली, "बाबा, वरचा बिछाना रिकामा आहे?"

बटाटे खाली काढले.