मामी आधी जागी झाली

माधव नगर, उज्जैन
१० फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल हिस यज्ञेश्वरमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, राग धरू नकोस. मामीचं ऑपरेशन झालं की त्याच दिवशी कळवा असं तू बजावलं होतंस, आणि आज आठवा दिवस. फोन केला असता, पण घर दोन खोल्यांचं, मी फोनवर ओरडतो, आणि हे तिच्यादेखत बोलायचं नाही.

पित्ताशय काढलं, टाके चांगले आहेत. भुलीतून ती माझ्याहून फार लवकर उठली. माझ्या हर्नियाच्या वेळी मी तीन तास पडून होतो. म्हणून हिचेही मी घड्याळात बघून तीन तास धरले, तर नर्सबाई अर्ध्या तासातच म्हणाल्या की आजी केव्हाच्या जाग्या आहेत. मला वाटलं, सुटलो. चौथ्या दिवशी देवासहून तिचा भाऊ अरविंद आला, त्याला तिनं पोहेसुद्धा करून घातले.

पण माझ्याशी बोलत नाही. पाणी मागत नाही, भिंत धरून स्वतः उठते. जेवलीस का विचारलं तर हो म्हणते, आणि खिचडी पातेल्यात तेवढीच. काल न्हाणीचं दार लावून, नळ सोडून कितीतरी वेळ आत होती. मी चिडून म्हणालो की माझ्या हर्नियानंतर मी पाचव्या दिवशी फ्रीगंजच्या बाजारात भाजी आणायला गेलो होतो, तू तर माझ्या आधी उठलीस, मग हे नखरे कसले.

तू भूल देणारी डॉक्टर, मी सातवी पास. ते औषध डोक्यात राहून जातं का? फार फिकर लागली आहे. लोभ आहेच, तो असू दे.

तुझा
यज्ञेश्वरमामा

नाशिक
१५ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस मृणालचा शि. सा. नमस्कार.

पत्रातही तुम्ही ओरडताच की! आधी उठली म्हणजे आधी बरी झाली, हा हिशेब तुमचा. बायका भुलीतून बहुधा पुरुषांच्या आधी जाग्या होतात, हे आम्ही रोज बघतो. पण मळमळ, दुखणं, थकवा त्यांना जास्त होतो, आणि पूर्वीसारखं वाटायला दिवसही जास्त लागतात. नखरे नव्हेत ते. तुमचं घड्याळ तिला लावू नका.

मात्र आठ दिवसांनी ओकाऱ्या होत असतील तर त्या भुलीवर ढकलू नका. नळ कशासाठी सोडला होता, ते मला इथं बसून कळतंय. सर्जनना लगेच दाखवा.

आणखी एक. डोळे उघडण्याआधी माणसाला ऐकू येऊ लागतं. ती तीन तास उठणार नाही असं धरून तुम्ही खाटेपाशी काय बोललात, ते आठवून बघा. मामीला नमस्कार. माया आहे, ती कमी होऊ देऊ नये.

आपली
मृणाल

माधव नगर, उज्जैन
१९ फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल, अनेक आशीर्वाद.

आठवलं. त्या खाटेपाशी मी अरविंदला फोनवर म्हणालो होतो की हिला महिनाभर देवासला घेऊन जा, दुखणाईत बाई माझ्याच्यानं सांभाळली जाणार नाही. तो चौथ्या दिवशी तिला न्यायलाच आला होता. तिनं उभं राहून पोहे केले, आणि तो, ही तर ठणठणीत आहे, म्हणत परत गेला. मी खूश झालो. बघ माझी अक्कल.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. कबूल केलं की भीतीनं बोललो, तिच्या नाकातली नळी मला बघवत नव्हती. ती भिंतीकडे बघून म्हणाली की सगळं ऐकलं, नुसते डोळे उघडत नव्हते. तुमच्या हर्नियाच्या वेळच्या तीन तासांत मी तुमच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते, असंही म्हणाली.

त्याच दिवशी तिला सर्जनकडे नेलं. ते म्हणाले की दुखण्याची गोळी उपाशीपोटी बाधत होती. ती बदलली आहे.

आज सकाळी पुन्हा तिला उमळून आलं. या वेळी तिनं दार लावलं नाही, मला हाक मारली. मी तसराळं धरलं. ते तिरकं झालं, तर म्हणाली की नीट धरा, नाहीतर न्हाणी तुम्हालाच धुवायची आहे.

दुखणाईत माणसाचं काय काय करायचं, कपाळ कसं धरायचं, उशी कुठे ठेवायची, मला काही येत नाही. मोठ्या अक्षरांत लिही, चष्मा जुना आहे. ती देवासला जाणार नाही, मी सांगून टाकलं आहे. म्हणून पोरी, उत्तर लवकर धाड.

तुझा
मामा