संकष्टीची गोळी

सनीव्हेल, मार्च २००४

ती. आई,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी आता ठीक आहे. नोकरी टिकावी म्हणून तू सांगितलीस तशी संकष्टी धरली, चंद्र दिसेपर्यंत काही न खाता. पण सवयीने सकाळी डायबेटिसची गोळी घेतली. दुपारी मीटिंगमध्ये शुगर उतरली आणि मी खुर्चीवरून कोसळलो. शेजारी बसलेल्या श्रीरामने ज्यूस पाजला. पुढच्या महिन्यात ऑफिसात माणसं कमी करणार आहेत, आणि माझा आजार आता सगळ्यांना कळलाय.

पण खरी धास्ती वेगळीच आहे. तूही तीच गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहतेस. मला उचलायला आठ जण होते. तुझ्याजवळ कोण असतं?

रविवारी फोन करेन. वाजला की लगेच उचल गं.

तुझा,
सुशांत