कॉर्डेलच्या नावे घर, वर्लाच्या नावे खसखशीचे यंत्र

मी, आर्डिथ मारी व्लासाक, कै. लेनर्ड व्लासाक यांची विधवा, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार एल्म रस्ता, ब्रेझिना, राज्य नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत आणि डावा कान रविवारच्या प्रवचनाला मुळीच चालत नाही, परंतु बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून फितवलेले नाही. नणंद वर्ला हिने दोन्ही करून पाहिले, उपयोग झाला नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातले एक मी संतापाच्या भरात लिहून सगळी मिळकत मांजराला दिली होती. ते मांजर आता हयात नाही.

मला मूलबाळ नाही. सबब माझ्या पश्चात मिळकतीची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम पहिले. खसखस दळायचे माझे लोखंडी यंत्र मी वर्लाला देते. ते तिने एका ईस्टरला दोन दिवसांसाठी म्हणून नेले आणि अजून तिच्याच ओट्यावर बसवलेले आहे. आता ते कायद्याने तिचे होईल व मला परत मागण्याचा त्रास राहणार नाही.

कलम दुसरे. एल्म रस्त्यावरील माझे राहते घर, तळघर, परसू व गळक्या छपरासह, मी श्री. कॉर्डेल ट्विग्ज यांना देते. हे वाचून गावात चार लोकांच्या भुवया चढतील, म्हणून कारण लिहिते. वकीलबाई मिस डॉल म्हणाल्या, "कारण लिहायची गरज नसते." गरज नसलेल्या गोष्टी लिहिता याव्यात म्हणूनच मी हे हाताने लिहिते आहे.

माझा भाचा गेलेन आमच्या गावच्या बेसबॉल संघाचा, म्हणजे ब्रेझिना क्रेन्सचा, मॅनेजर आहे. क्रेन्स म्हणजे क्रौंच पक्षी; संघ मात्र पगारी बेसबॉलच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी. खाली घसरणारे आणि वर चढू पाहणारे याच पायरीवर एकमेकांना भेटतात. खेळाडूंना पगार बेताचा, म्हणून गावातली माणसे उन्हाळाभर त्यांना घरी ठेवून घेतात. आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात गेलेनचा फोन आला.

"आत्या, तळघरातली खोली रिकामी आहे ना? चेंडू टाकणारा एक पिचर येतोय. डावखुरा. दोन वर्षं मोठ्या लीगमध्ये होता."

"मग आपल्याकडे काय करतोय?"

"कोपराचं ऑपरेशन झालं. मग दुखण्याच्या गोळ्या लागल्या. मग गोळ्यांची सवय लागली. मग गोळ्यांच्याही पुढचं."

"आणि आता?"

"आता सगळं बंद आहे. कोपर शिवलेलं आहे, दात किडलेले आहेत, बायको सोडून गेली आहे. पण चेंडू अजून वळतो, आत्या. काय वळतो!"

कॉर्डेल ट्विग्ज बसमधून उतरला. मिसिसिपीचा उंचापुरा, काळा, तिशी ओलांडलेला गडी, खांद्यावर एकच पिशवी. त्याने टोपी काढली, मला "मिस आर्डिथ" म्हटले आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर विचारले, "तुमच्या औषधांचं कपाट कुठं आहे?"

मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले.

"तसं बघू नका," तो म्हणाला. "कुठं आहे ते सांगा, मग तिथून हलवा, आणि कुठं हलवलं ते मला सांगू नका. मी चांगला माणूस आहे, पण माझ्यावर इतक्यात विश्वास ठेवू नका. मीच अजून ठेवत नाही."

लेनर्डच्या शेवटच्या आजारातल्या जालीम गोळ्या अजून न्हाणीघराच्या कपाटात होत्या. त्या माझ्याने टाकवल्या नव्हत्या. गेलेल्या नवऱ्याची आठवण म्हणून बायका घड्याळ ठेवतात, मी गोळ्या ठेवल्या होत्या. त्याच दुपारी त्या औषधांच्या दुकानात नेऊन परत दिल्या. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र घरातच अशा काही लपवल्या की मलाच सापडेनात. आठवडाभर रक्तदाब देवाच्या हवाली होता. शेवटी त्या गवत कापायच्या यंत्राच्या पेटीत निघाल्या. तेव्हापासून कॉर्डेल मला रोज सकाळी विचारतो, "मिस आर्डिथ, गोळी घेतली का? कुठून घेतली ते नका सांगू."

कलम तिसरे. मैदानातला ऑर्गन माझ्या मालकीचा आहे. बंद पडलेल्या एका चर्चमधून मी तो विकत घेतला आणि नंतर प्रत्येक सामन्यात वाजवला. तो मी क्रेन्स संघाला देते. अट एकच : अंपायर बर्ल स्टेगमन यांना त्याला हात लावू देऊ नये. त्यांच्या एका निर्णयानंतर मी अंत्ययात्रेची चाल वाजवली म्हणून त्यांनी मला मैदानाबाहेर काढले होते. चेंडू रेषेच्या आत होता. मी मेल्यावरही तो आतच राहील.

त्याच ऑर्गनपाशी, प्रेक्षकांच्या वरच्या माळ्यावर बसून मी कॉर्डेलचे पहिले सामने पाहिले. ते सामने कसले, धिंडवडे होते. चेंडू वळे, पण कुठे वळेल ते त्यालाही ठाऊक नसे. एकदा बॅटरऐवजी क्रौंच पक्ष्याच्या वेषात नाचणाऱ्या आमच्या बिचाऱ्या सोंगाड्याला लागला. माझा शेजारी नॉर्बर्ट कुबिक पहिल्या रांगेतून ओरडला, "अरे, कुणीतरी ह्याला सुई टोचा! त्याशिवाय हात चालायचा नाही!"

लोक हसले. कॉर्डेलने मान वर केली नाही, पण त्याने चेंडू हातमोज्यात दोनदा आपटलेला मला वरून दिसला. नॉर्बर्टने पुन्हा तोंड उघडले तेव्हा मी ऑर्गनचा सगळ्यात जाडा सूर दाबून धरला. त्याने तोंड मिटले, मी सूर सोडला. त्याने उघडले, मी दाबला. दोन डाव आमचा हा संवाद चालला होता. शेवटी लोक सामना सोडून आम्हालाच बघू लागले, आणि नॉर्बर्ट शेंगदाण्याची पुडी आपटून घरी गेला.

कलम चौथे. सदर नॉर्बर्ट कुबिक यांना मी कापसाचे एक पुडके देते, कानात घालण्यासाठी. परसातले लाल बेरींचे झुडूपही देते, कारण ते वीस वर्षे कुंपणावरून हात घालून फळे तोडतच आहेत. जून संपता संपता हेच नॉर्बर्ट एका सकाळी माझ्या मागच्या दारी टोपी चुरगाळत उभे राहिले. मला वाटले भांडायला आले. ते म्हणाले, "तो आहे का?" कॉर्डेल बाहेर आला. नॉर्बर्टनी टोपी पार पिळून काढली. मग म्हणाले, "माझी जोलीन... माझी मुलगी... तिचंही तसंच आहे. आम्ही कुणाला सांगितलं नाही. तू बोलशील का तिच्याशी?"

मी कॉर्डेलच्या जागी असते तर आधी सुईची आठवण करून दिली असती. तो फक्त म्हणाला, "बूट घालतो. चला." तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. जोलीन आता टपालकचेरीत कामाला आहे आणि मला तिकिटे नेहमी तिरकी चिकटवून देते. मी तक्रार करत नाही.

कलम पाचवे. पीठ मळायची लाकडी परात कॉर्डेललाच द्यावी. तिच्यावर त्याचा हक्क त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिद्ध झाला.

हंगामाचा शेवटचा आठवडा होता. त्याचा हात आता सांगितलेले ऐकू लागला होता आणि रविवारच्या सामन्यात सुरुवातीपासून तोच चेंडू टाकणार होता. शुक्रवारी त्याची दाढ पिकली. गाल टोमॅटोसारखा सुजला. दंतवैद्याने दाढ काढली आणि जोरकस गोळ्यांची चिठ्ठी दिली. कॉर्डेलने ती तिथेच फाडली, साध्या गोळ्या घेतल्या आणि घरी आला. भूल उतरू लागली तसा तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागला. मेम्फिसला त्याचा टोबायस नावाचा मित्र आहे, त्याच्याच वाटेने जाऊन परत आलेला. त्याला फोन लावला, तर तो कामावर होता.

"मिस आर्डिथ, गाडीची किल्ली द्या. बर्फ घेऊन येतो."

"बर्फ फ्रीजमध्ये आहे."

"मग जरा हवा खाऊन येतो."

"दार उघडं आहे. हवा फुकट आहे. किल्ली मिळणार नाही."

"किल्ली द्या म्हणतो ना!" त्याने ओट्यावर मूठ आपटली. "तुम्ही माझी आई नाही!"

"देवाची कृपा. असते तर एव्हाना दुसऱ्या गालावर दिली असती, दोन्ही बाजू सारख्या झाल्या असत्या."

मला भीती वाटत होती, हे कायद्याच्या कागदावर नमूद करते. त्याच्या एका हाताच्या रेट्याने मी भिंतीला लागले असते. मग त्याला हसू फुटले, हसताना गाल दुखला, दुखल्यावर रडू आले, आणि तो खुर्चीत बसून लहान पोरासारखा हमसून रडला. म्हणाला, "मला बर्फ नको होता."

"ते मला कळलं. ऊठ. हात धू."

मी परातीत कोलाचीचे पीठ ओतले. आमच्या बोहेमियन, म्हणजे चेक, घरांतला हा गोड पाव, पीठ हळुवार मळावे लागते. कॉर्डेलने ते असे मळले की जणू त्या पिठानेच त्याची दाढ काढली होती. एक घाणा झाला, दुसरा झाला, मैदा संपला म्हणून मी शेजारून मागवला. संध्याकाळी टोबायसचा फोन आला तेव्हा टेबलावर, कपाटावर, ऑर्गनच्या वह्यांवर, सगळीकडे कोलाची निवत होत्या. रबरासारख्या चिवट झाल्या होत्या. संघाने त्या दोन दिवस चावल्या. गेलेन म्हणाला, "आत्या, ह्याच फेकायला दे, बॅट मोडेल."

रविवारी त्या सुजल्या गालाने कॉर्डेल चेंडू टाकायच्या उंचवट्यावर उभा राहिला. मोठ्या संघाचा एक पारखी समोरच्या संघातल्या कुठल्याशा पोराला बघायला आला होता. त्याने पोराला बघितलेच नाही. कॉर्डेलचा चेंडू बॅटपर्यंत सरळ जाई आणि तिथे पोचल्यावर विचार बदली. बॅटर एकामागून एक हवेला झोडपून परतले. शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा मला ऑर्गनवर काय वाजवावे सुचेना, मी हात वर करून नुसती ओरडले. पहिल्या रांगेत नॉर्बर्ट टोपी उडवत होते.

कलम सहावे. माझी बँकेतली सर्व शिल्लक वर्लाला द्यावी व तीतून तिने नवा टीव्ही घ्यावा. पुढच्या वर्षी कॉर्डेल पुन्हा मोठ्या लीगमध्ये खेळला तेव्हा माझा टीव्ही बंद पडला होता. वर्ला आणि मी त्या खसखशीच्या यंत्रावरून अबोला धरून होतो, तरी मी तिच्या दारात गेले. तिने दार उघडून मला आत घेतले. तिच्या टीव्हीवर चित्र हिरवे दिसे. हिरवा कॉर्डेल धावत मैदानात आला, चाळीस हजार माणसे ओरडत होती, आणि त्याने पहिल्याच बॅटरला तीन चेंडूंत घरी पाठवले. वर्ला रडली. मी रडले. मग ती म्हणाली, "यंत्र मात्र मी देणार नाही," आणि आम्ही पुन्हा बोलू लागलो.

कलम सातवे. लेनर्डची मासेमारीची होडी भाचा गेलेन याला. घर त्याला मिळेल अशी त्याच्या बायकोची समजूत आहे. गेलेन स्वतः मला म्हणाला, "आत्या, त्या छपरापेक्षा होडीतून कमी पाणी आत येतं." तो समाधानी आहे. बायकोला त्यानेच समजवावे.

कॉर्डेल मोठ्या लीगमध्ये जेमतेम दोन हंगाम टिकला. मग हात कायमचा थकला. सगळ्यांना वाटले हा आता तोल घालवणार. तो बसमधून उतरला, तीच पिशवी, आणि म्हणाला, "खोली रिकामी आहे?" आज तो गावच्या शाळेत मुलांना चेंडू वळवायला शिकवतो. तळघरात दर उन्हाळ्याला कुणी ना कुणी पडता पडता सावरणारा येऊन राहतो, आणि कॉर्डेल त्याला पीठ मळायला लावतो. घर त्याला देण्याचे कारण एवढेच.

कलम आठवे व शेवटचे. मिस डॉल यांनी मसुद्यात एक अट घातली होती. त्या म्हणाल्या, "आर्डिथबाई, तुमच्या हितासाठीच सांगते. तो पुन्हा नशेला लागला तर घर त्याच्याकडून काढून घ्यावं, एवढं वाक्य राहू द्या."

"काढून कुणाला द्यायचं?"

"गेलेनना."

"गेलेनला घर आहे. आणि कॉर्डेल कुठे जाईल?"

त्यांनी चष्मा पुसायला काढला. मी म्हटले, "माझ्या लेनर्डला मधुमेह होता. डॉक्टरांनी बजावूनही गॅरेजमध्ये लपून केक खायचा. मी त्याला खूप बोलले, पण घराबाहेर नाही काढला."

"ते वेगळं आहे हो."

"असेल. तुम्ही शिकलेल्या आहात. तरी ते वाक्य खोडा."

ते वाक्य मी माझ्या हाताने खोडले असून शेजारी सही केली आहे. कॉर्डेल नीट राहिला तर घर त्याचे. घसरला तरीही घर त्याचेच. घसरलेल्या माणसाला परत यायला एक दार लागते, आणि ते त्याच्या स्वतःच्या नावावर असलेले बरे, म्हणजे ठोठावायची लाज वाटत नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, दुपारच्या कॉफीनंतर लिहून वाचून पाहिले व खालील दोघांच्या देखत सही केली.

आर्डिथ मारी व्लासाक

साक्षीदार :
१. फादर इग्नेशियस प्रोखाज्का (मजकूर वाचला. अंपायरविषयी माझे मत वेगळे आहे.)
२. डेल्फीन ऱ्हॉडी, ग्रंथपाल (चेंडू आतच होता.)

स्थळ : ब्रेझिना, नेब्रास्का
दिनांक : १२ एप्रिल २०१८