गुळगुळीत प्लास्टर

३ फेब्रुवारी, मंगळवार

मोडलं! डावं मनगट. स्टुलावर चढले नव्हते, धावत नव्हते, कुणी ढकललंही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि कट्! बघते तर मनगट पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखं वर आलेलं. हे म्हणाले, "मुरगळलं असेल, शेकूया." म्हटलं, मोडलंय. पैजेवर सांगते. एक्स-रेत तस्संच निघालं. उगीच नाही अख्खी उमर प्लास्टर रूममध्ये काढली!

डॉक्टरबाईंनी हात सुन्न करून हाड ओढून बसवलं. झकास बसवलं. पण प्लास्टर घालायला कोण? गाठोडं! शेजारच्या टेबलावर काम करतो तो. हे नाव मीच ठेवलंय, या वहीपुरतं. कारण त्याने घातलेलं प्लास्टर गाठोड्यासारखंच दिसतं.

४ फेब्रुवारी

काय हे ध्यान! मनगट वाकवून ठेवलंय, अंगठ्याच्या बाजूला खळगा, वरून टेंगूळ. बघवत नाही. माझं प्लास्टर कसं असतं — उकडून सोललेल्या अंड्यासारखं! पेशंट घरी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवतात. एका आजींनी तर काढल्यावर घरी ठेवायला मागितलं होतं.

आमचे मोठे मास्तर मार्चअखेर निवृत्त होतात. त्यांच्या जागी प्लास्टर रूमचा मुख्य कोण — मी की गाठोडं? डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, आधी हात बरा होऊ दे, मग ठरवू." ठरवायचंय काय त्यात?

आणखी एक म्हणाल्या. "उभ्या उभ्या घसरून मनगट मोडायला नको होतं. हाडं किती भरीव आहेत ते तपासू." माझी हाडं? चांगल्या पैलवानाचा मोडका पाय मी एकटी उचलून धरते! होय होय म्हटलं आणि विषय बदलला.

६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, हात उंच ठेव. बोटं हलवत राहा." मलाच शिकवते! पण बरं वाटलं. बोटं हलतात, नखं गुलाबी आहेत. एवढं मात्र गाठोड्याने नीट केलंय.

८ फेब्रुवारी, रविवार

केलं एकदाचं!

प्लास्टर रूमची किल्ली माझ्याकडेच असते. आज बाह्यरुग्ण विभाग बंद. ह्यांना घेऊन गेले. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, हात कधी थरथरायचा नाही. सूज उतरली होती, जुनं सैल झालंच होतं. ते कापून काढलं. ह्यांना बोटं ओढून धरायला लावली आणि उजव्या हाताने पट्ट्या गुंडाळल्या. मनगट सरळ. खळगा नाही, टेंगूळ नाही. ह्यांच्या विजारीवर सगळा पांढरा चिखल. म्हणाले, "लग्नात हात धरला तेव्हा एवढा घाम नव्हता आला." हसून हसून पुरेवाट.

एका हाताने घातलेलं प्लास्टर, आणि असं! कुणाची टाप आहे? आरशासमोर जाऊन दोनदा बघून आले.

११ फेब्रुवारी

एक्स-रे झाला. डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडाला लावली, मग माझ्या प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "प्लास्टर सुंदर आहे. हाड सरकलंय."

त्यांनी सांगायच्या आधीच मला समजलं. तो खळगा! हाड मागे सरकू नये म्हणून तिथे दाबून धरायचं असतं, मनगट वाकतं ठेवायचं असतं. प्लास्टर वाकडं दिसलं तरी चालतं, आत हाड सरळ राहायला हवं. नवीन आलेल्या प्रत्येकाला मीच हे घोकून घेते. आणि माझ्याच हातावर ते दिसलं नाही, कारण त्याने घातलं होतं.

"बदललं कुणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मी नुसती प्लास्टरकडे बघत राहिले. मागून गाठोडं बोलला, "मीच, बाई. सूज उतरून सैल झालं होतं, म्हणून बदललं. चुकलं माझं."

१२ फेब्रुवारी

खरं सांगितलं नाही. आजही नाही.

१४ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. आत धातूची पट्टी आणि स्क्रू. डॉक्टरबाई म्हणाल्या, "स्क्रू घट्ट बसेनात. हाड मऊ लागलं. आता तपासणी टाळायची नाही."

२४ फेब्रुवारी

तपासणीचा निकाल आला. हाडं ठिसूळ. कमरेची जास्त.

"पाळी लवकर गेली होती का?" हो. "दम्याच्या गोळ्या?" कितीतरी वर्षं. त्यांनीही हाडं विरतात म्हणे. "तुमच्या आई वाकून चालायच्या?" हो. आम्हाला वाटायचं, म्हातारपणच ते. डॉक्टरबाई म्हणाल्या, मणके आतल्या आत चेपत जातात, दुखतंही थोडंच, म्हणून कुणी विचारत नाही.

रडले थोडी. मग म्हटलं, कळलं ना? आईला कुणी सांगितलंच नव्हतं. आठवड्यातून एक गोळी, उपाशीपोटी, भांडंभर पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. शिवाय कॅल्शियम, ऊन, रोज चालणं. लेकीलाही फोन करून दटावलं — आत्तापासून हाडं सांभाळ! पुढच्या वेळी कुणी बाई नुसती घसरून मनगट मोडून आली की तिला तपासणीला धाडल्याशिवाय सोडायची नाही मी.

१८ मार्च

व्यायाम चालू. चेंडू दाबायचा, टॉवेल पिळायचा. मूठ जवळजवळ वळते! डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्यासारखी जिद्दी पेशंट बघितली नाही. छाती फुगली. बाहेर गाठोडं एका म्हातारबुवांच्या पायाला प्लास्टर घालत होता. ओबडधोबड, आणि आत हाड जागच्या जागी. उभी राहून बघतच राहिले. "ताई, मूठ वळते का?" त्याने विचारलं. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही.

हे म्हणाले, "मुख्य तूच होणार." ताट तसंच ठेवून उठले.

२८ मार्च, शनिवार

सांगितलं. मास्तरांच्या निरोपाला सगळे जमले होते, त्यांच्यादेखत. प्लास्टर मी कापलं, मी घातलं, त्याचा काही दोष नाही. मुख्य त्यालाच करा.

डॉक्टरबाई हसल्या. "ताई, मला त्याच दिवशी कळलं होतं. इतकं गुळगुळीत प्लास्टर इथे दुसरं कोण घालतं?"

आणि मी कसली बाई आहे बघा — लाजेने मान खाली जायच्या आधी अभिमानाने वर झाली!