अर्धा ओंडका

३ फेब्रुवारी
अंगण झाडायचं, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, नवऱ्याचा डबा बांधायचा. कारखाना चालू असतानाची ती सकाळ आठवली, कारण आज त्याच कारखान्यात मी कामाला लागले. दिवाळीत प्लायवूडचं काम बंद पडलं, सगळे घरी बसले. हे बसून बसून थंडीत वारले. आता मशिनी विकल्या जाईपर्यंत झाडलोट माझ्याकडे. गेटजवळ खोली मिळाली, दारातच नळ, हुमनाबादचा बाजार जवळ. माहेरी मेहकरहून आणलेली पुस्तकं फळीवर लावली. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी
यांचं मशीन पाहिलं. ओंडका फिरतो, पातं लागतं, लाकडाचा पापुद्रा कागदासारखा सुटत जातो. करंट तोडला त्या दिवशी ओंडका अर्धाच सोलून झाला होता. अजून तसाच आहे. अर्धं काम टाकून हे कधी घरी आले नव्हते. चढवण्याआधी ओंडका बोटानं दोनदा ठोकायचे. पोकळ असला तर कळतो म्हणायचे.

८ फेब्रुवारी
दुपारी मशीनखाली पापुद्रा पडलेला. ताजा, ओला. ओंडका बारीक झालाय. गेटवरच्या शरणप्पांना विचारलं. हसले. "अक्का, करंटच न्हाई तर कोण सोलायलंय? भूत बी फुकट राबत न्हाई." मीही हसले.

११ फेब्रुवारी
ओंडका मनगटाएवढा उरलाय. तो संपला, काम पुरं झालं, की हे जातील. मला भीती तेवढीच वाटली. यार्डातून निलगिरीचा हलका ओंडका बघून गडगडत नेला, कसाबसा चढवला.

१२ फेब्रुवारी
सोललाय. सगळा.

१६ फेब्रुवारी
रोज एक चढवत होते. आता एक पुरत नाही. भर दुपारी ठोकण्याचा आवाज येतो. शरणप्पांनाही ऐकू आला. ते हसले नाहीत. गावी जा म्हणाले, आणि स्वतः गेटच्या बाहेर जाऊन बसले.

१९ फेब्रुवारी
यार्ड रिकामं. मशीन फिरतंच आहे. रिकामं —

२० फेब्रुवारी
शेड झाडत होते. पाठीवर बोट वाजलं. दोनदा. मग थांबलं, कान लावल्यासारखं. यांचंच बोट. पण मी आतून भरीव की —

२१ फेब्रुवारी
आज अंगण झाडलं. चूल पेटवली. भाकरी थापल्या, यांचा डबा बांधला. शेडकडे निघाले होते, तोच दारावर दोनदा —