मिश्राच्या भिंतीला लागून

३ नोव्हें., रवि.
आईला जाऊन महिना झाला. बाजूच्या मिश्राचा गाण्यांचा डेक सकाळपासून धमधम. शेवटी शेवटी आई कण्हत म्हणे, "छातीत कोण कुटून राहिलं गं?" मी हात जोडून सांगायला गेली होती. हसला. "बहनजी, खिड़की बंद कर लीजिए." खिडकी! दोन घरांत भिंत एकच.
सोडणार नाही.

८ नोव्हें.
घमापूरच्या बाजारातून सबवूफर आणला, नुसता घुमारा काढणारा मोठा स्पीकर. दुकानदार म्हणे, "दीदी, अकेली हैं, इतना बड़ा?" म्हटलं, भजनं ऐकीन.

९ नोव्हें.
बाबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. जुन्या स्पीकरशी मेळ जमेना. तबला त्यातून आधी, घुमारा सबवूफरमधून उशिरा. मग फेजचं बटण उलटं केलं, दोघं एकदम बोलले. खुर्चीजवळ ठेवला की गोड वाजतो. मिश्राच्या भिंतीला लावून कोपऱ्यात ढकलला, तर कपाटातली भांडी थरथरली.
तिथंच राहू दे.

११ नोव्हें.
रजा टाकली. मिश्राची मोटरसायकल दारात, म्हणजे घरीच. दुपारभर नुसता पखवाज लावला. फार बरं वाटलं. संध्याकाळी फाटकाशी दिसला, रोजच्यासारखा हसला. काहून?

१२ नोव्हें.
मिश्राची बायको आली. कपाळाला ओढणी करकचून बांधलेली. "दीदी, कल क्या चल रहा था? गाड़ी ख़राब है, ये तो बस से रिछाई गए थे, फैक्टरी. मेरा सिर फट गया."
आई गेली तेव्हा जेवणाचा डबा हिनंच आणला होता. ती गेल्यावर प्लग काढून टाकला.

१५ नोव्हें.
राहवलं नाही, गेली तिच्याकडे. खरं सांगितलं. "आपके लिए नहीं था. उनके लिए था."
कणीक मळता मळता थांबली. "माँजी का कराहना हमारे कमरे तक आता था. मैं कहती, धीमा करो. ये और बढ़ा देते थे."
और बढ़ा देते थे.
मी उठली तर म्हणे, "इतवार को मायके जा रही हूँ, बरगी. शाम तक नहीं लौटूँगी. ये घर पर ही रहेंगे."
परत कणीक मळायला लागली.

१७ नोव्हें., रवि.
ती ऑटोत बसली. माझ्या खिडकीकडे पाहिलं, पदर सारखा केला, गेली.
प्लग लावला. आवाजाचं बटण शून्यावर, हात बटणावर. पलीकडे मिश्रा एकटाच खोकून राहिला. त्यानं अजून डेक लावला नाही.
आजच काहून चूप आहे हा माणूस?