माझ्या वाटणीची मूठ

१ मार्च, रविवार. अहमदपूर
आज चर्चात प्रभुभोजन, येशूच्या नावानं सगळ्यांनी एकेक तुकडा खायचा. चपाती माझ्याच हातची. गहू नि पाणी, मीठसुद्धा न्हाई. ताट माझ्यापाशी आलं, पुढं ढकललं. बाजूच्या बाईनं डोळे वटारले. वटार म्हणलं. आमचे हे गेल्यापासून मी खात न्हाई. पीठ घेतानाच माझ्या वाटणीची मूठ डब्यात परत टाकते. न खाणारीची कशाला मळायची.
पास्टरसायब दारात म्हणले, रूथबाई, असं किती दिवस? देवाला विचारा म्हणलं.

४ मार्च
शाळेत पोरांची खिचडी करपली माझ्या हातनं. डोकं दुसरीकडं. पास्टरसायब म्हणतेत, मन उघडं ठेवा, देव इश्वास वाढवतो. उघडं ठेवलं की पहिली शांताच आत घुसती. माझी धाकटी जाऊ. ह्यांना माती देऊन आलो, हातपाय धुतले नव्हते, तर सगळ्यांदेखत म्हणली, "आक्का, तुमचा इश्वास कमी पडला." ह्यांच्या दुखण्यात उपास माझे, टेकलेले गुडघे माझे. कमी म्हणं. तवापासून बोलणं बंद. चर्चात ती त्या टोकाला, मी ह्या.

११ मार्च
शांताचा फोन. उचलला न्हाई. परत आला. भाऊजींना, तिच्या नवऱ्याला, नांदेडला दवाखान्यात टाकलंय. डोक्यात रक्त साकळलं. रडून राहिली. आक्का, प्रार्थना करा म्हणली. मी म्हणलं, "माझा इश्वास कमी हाय, तुझाच लाव." ठेवून दिला.
बरं वाटलं. चहा पिईपर्यंत.

१३ मार्च
प्रार्थनेला बसले. जमलं न्हाई. भाऊजी वाईट माणूस न्हाई. ह्यांना पाठीवर घेऊन दवाखान्याचा जिना चढलेला. पण तो उठला तर? मग ह्यांच्या वेळंला देव कुठं गेलता? का खरंच माझंच कमी…
तो उठू नये असं मनात आलं. आलंच. दुसऱ्या कुणाला सांगू.

१७ मार्च
कामावर खाडा केला. यष्टीनं नांदेड. का गेले, मलाच ठावं न्हाई. शांता दवाखान्याच्या पायरीवर, केस विंचरलेले न्हाईत. मला बघून उठली न्हाई. मी डबा पुढं सरकवला. भाकर, ठेचा. सगळी खाल्ली. मग म्हणली, "तवा मला भ्या वाटलं होतं, आक्का. तुमचं काहीतरी चुकलं असंल तरच आमचा वाचंल ना. न्हाईतर देव कुणाचं बी माणूस नेतो."
म्हणलं, जीभ लई वंगाळ हाय तुझी. तर म्हणती, तुमच्यापेक्षा कमीच. दोघी हसलो, पायरीवर, येडपटावानी. राग मात्र गेला न्हाई. हाय तसाच.
आत गेले. भाऊजींच्या पायावर हात ठेवला. थंड. देवा, म्हणलं. पुढं काय म्हणावं ते येईना. तेवढ्यात नर्सबाईनं हाकललं.

२९ मार्च
भाऊजी डोळे उघडतेत, ओळख न्हाई. डॉक्टर हाव बी म्हणत न्हाई, न्हाई बी म्हणत न्हाई. मी घरी रोज प्रार्थनेला बसते. देवा म्हणते. तिथंच अडकते. पास्टरसायबांना सांगितलं, तर म्हणले तेवढं बी चालतं. त्यांचं सगळंच चालतं.

४ एप्रिल, शनिवार
उद्या पुनरुत्थानाचा रविवार. प्रभुभोजन. चपाती माझ्याकडंच. शांता उद्या उपासनेपुरती येणार, लगेच परत नांदेड. फोनवर म्हणली, "आक्का, तुमच्या बाजूला जागा धरा." बघू म्हणलं. म्हणजे ताट माझ्या हातातून तिच्या हातात. पुढं ढकलायचं तर तिच्याकडंच ढकलावं लागंल. आणि तिचा माणूस तिकडं तसा पडलेला. खायचं का, अजून ठरलं न्हाई.
पीठ मळून झालं, वर ओलं फडकं टाकलं, तवा ध्यानात आलं. माझी मूठ डब्यात टाकायची राहिली.
आता मळलेल्यातून कशी काढू.